कासच्या सड्यावर सिमेंट नको: निर्णय घेणाऱ्या सगळ्यांना खुलं पत्र

नमस्कार,

हे पत्र कुणा एका साहेबांना नाहीये. कास पठारावर काय बांधायचं, कुठं बांधायचं, गाड्या कुठं लावायच्या हे ज्यांच्या सहीनं ठरतं त्या सगळ्यांना आहे, मग ते वनखात्यात असोत, पर्यटनात असोत, प्लॅनिंगच्या ऑफिसात असोत नाहीतर आमच्या मतांवर निवडून गेलेले असोत. बंद पाकिटातून पाठवलं असतं तर आवक नंबर पडून फाईलला लागलं असतं, म्हणून उघड लिहितेय, साताऱ्याच्या लोकांनी पण वाचावं आणि आपलं काय मत आहे ते ठरवावं.

निमित्त साधं आहे. मागे एका कार्यक्रमाला गेले होते, तिथं मंचावरून एका पाहुण्यांनी सांगितलं की कासला जगभरातून लोक येतात पण तिथं "काहीच सुविधा नाहीत", फुलांमधून चालायला नीट पाथवे पाहिजेत, पेव्हर ब्लॉक पाहिजेत, बसायला गझिबो, सेल्फी पॉइंट, व्ह्यूइंग डेक, मोठं पार्किंग पाहिजे, म्हणजे वर्षभर पर्यटन चालेल. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. माझ्या शेजारच्या काकांनी पण वाजवल्या, आणि ते काका मनानं चांगले आहेत, दर वर्षी कासला जातात. मला तेव्हा उठून बोलता आलं नाही याचं वाईट वाटतंय, म्हणून आता लिहितेय. आणि हे एका भाषणापुरतं असतं तर सोडून दिलं असतं, पण हीच भाषा आता सारखी ऐकू येते. त्यात नवीन महाबळेश्वर या गिरिस्थान प्रकल्पाच्या नावाखाली सातारा, जावळी, पाटण या तालुक्यांतली दोनशेहून जास्त गावं एका मोठ्या आराखड्यात घेतलीत, त्यामुळं गप्प बसायची ही वेळ नाही असं वाटतं.

माझा संबंध काय ते आधी सांगते. मी साताऱ्याची. आमच्या घरच्या नळाला कासच्या तलावाचं पाणी येतं, लहानपणापासून तेच पितोय. वडील एसटीत कंडक्टर होते, बरीच वर्षं सातारा-बामणोली गाडीवर होते, आणि सुट्टीत मला सोबत न्यायचे. यवतेश्वरचा घाट चढला की खिडकीतून ढग आत यायचे, पेट्री गेलं की दोन्ही बाजूला सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार, सुरू व्हायचा आणि वडील ड्रायव्हरकाकांना म्हणायचे जरा दमानं घ्या. तेव्हा तिकीट नव्हतं, बुकिंग नव्हतं, गाडीतल्या कुणालाच ती फुलं बघायला यावं असं वाटायचं नाही, बायका बाजार करून परत गावी चाललेल्या असायच्या. माझ्या आईची आई तिकडचीच. तिच्या तोंडी "पठार" हा शब्दच नव्हता, ती सडा म्हणायची. पावसात आम्ही पोरं सड्यावर धावायला लागलो की ओरडायची, "भुई मऊ झालीया, पाय नका रुतवू, मग तितं काय उगवत न्हाई." ती शाळेत गेली नव्हती पण हे तिला माहिती होतं, आणि माझ्या पत्राचा निम्मा भाग खरं तर तिच्या या एका वाक्यातच आलाय.

आता तक्रारी सांगते. क्रमानं सांगायचा प्रयत्न करते पण मधे मधे वहावत जाईन, समजून घ्या.

पहिली तक्रार. तुम्ही सडा बघायला येता कधी? सर्व्हे आणि साईट व्हिजिट बहुतेक उन्हाळ्यात होतात कारण रस्ता मोकळा असतो आणि पाऊस नसतो. एप्रिलमध्ये कास म्हणजे काळा-तांबडा कातळ, वाळलेलं गवत आणि वारा. तेव्हा तिथं उभं राहिलं की कुणालाही वाटेल की ही पडीक जागा आहे, इथं दहा फुटी पाथवे टाकला तर काय बिघडलं. पण त्याच वाळलेल्या मातीत त्या वेळी बी पडलेलं असतं, कंद झोपलेले असतात. सड्यावरच्या कितीतरी वनस्पती फक्त पावसाळ्यापुरत्या जगतात, जूनला उगवतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत बी टाकून संपतात. उरलेले सहा-सात महिने ते सगळं जग त्या दोन-चार बोटं जाड मातीत असतं. उन्हाळ्यात जेसीबी फिरवलात तर एक फूल तुडवलेलं कुणाला दिसणार नाही, फोटो पण येणार नाही, पण पुढचा सप्टेंबर तिथं येणार नाही.

आणि टोपली कारवीचं तर विचारूच नका. उलट्या ठेवलेल्या टोपलीसारखी झुडपं दिसतात ना, ती सात वर्षांनी एकदा फुलते. मधल्या वर्षांत ती नुसती हिरवी झुडपं असतात, आणि "झाडी साफ केली" म्हणून ती काढून टाकली तर काढणाऱ्याला कळणार पण नाही की त्यानं काय काढलं. तुमची बदली तीन वर्षांत होते, मी हे कुणाला टोमणा म्हणून सांगत नाही, नोकरीच तशी आहे. पण कारवीचा एक फेरा बघायला सात वर्षं लागतात, म्हणजे ज्या अधिकाऱ्यानं काम मंजूर केलं त्याला त्याचा परिणाम दिसायच्या आत तो दुसऱ्या जिल्ह्यात असतो, आणि बघायला आम्ही इथंच असतो.

दुसरी तक्रार पाण्याची, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण पाथवेच्या प्लॅनमध्ये फक्त रुंदी आणि लांबी असते, पाणी नसतं. कास सुमारे १२०० मीटर उंचीवर आहे, वर जांभा दगडाचा थर आहे, तो कडक आहे आणि त्यावरची माती इतकी पातळ की काही ठिकाणी बोट घातलं तर खाली दगड लागतो. तिथं जे उगवतं ते पाणी कुठं किती दिवस थांबतं यावर उगवतं. जिथं वितभर पाणी साचतं तिथं वेगळी फुलं, जिथून पातळ झिरप वाहते तिथं वेगळी, कातळाच्या भेगेत वेगळी, दोन पावलांवर सगळं बदलतं. तो वायतुरा बघितलाय का कुणी, पाण्यातून वर येणारा, इंग्रजी वाय अक्षरासारखा फाटलेला तुरा? त्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे, इतका तो आपला आहे. त्याला साचलेलं उथळ पाणी लागतं. आता त्याच्यापासून पन्नास फुटांवर तुम्ही पेव्हरचा रस्ता केलात, रस्त्यावर पाणी थांबू नये म्हणून कडेला गटार काढलंत, इंजिनिअरिंगच्या दृष्टीनं काम एकदम बरोबर झालं, आणि पलीकडचं तळं मात्र ऑगस्टमध्येच सुकलं. त्या पन्नास फुटांत तुमची एक वीट पण पडली नाही तरी वायतुरा गेला. म्हणून "आम्ही फक्त एक टक्का जागा घेतोय" हे जे सांगितलं जातं ते मला पटत नाही, कारण सड्यावर एक टक्का असं वेगळं काढताच येत नाही.

याच्याच जोडीला सिमेंट. जांभ्याची माती आम्लधर्मी असते आणि तिच्यात पोषण कमी असतं, तिथल्या झाडांना त्याच गरिबीची सवय झालेली आहे. सीतेची आसवं, म्हणजे ती बारीक जांभळी फुलं, आणि दवबिंदू, या दोन्ही कीटकभक्षी वनस्पती आहेत. मातीत मिळत नाही ते त्या किड्यांतून घेतात, एकीच्या बारीक पिशव्या ओल्या मातीत, पाण्यात असतात, दुसरीची पानं चिकट असतात. अशा ठिकाणी सिमेंट-चुन्यातून झिरपणारं पाणी सोडलं तर मातीचा गुणच बदलतो. आणि भरावासाठी जो मुरूम खालून ट्रकनं येतो त्यातून गाजर गवत येतं, रानमोडी येते, हे साताऱ्याच्या कुठल्याही नवीन रस्त्याच्या कडेला जाऊन बघा. एकदा ते वर पोचलं की ते उपटायला परत टेंडर काढणार का?

तिसरी गोष्ट तक्रार म्हणून नाही, आठवण म्हणून सांगते. २०१२ साली पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हणून युनेस्कोनं मान्यता दिली, त्यातल्या ३९ ठिकाणांमध्ये महाराष्ट्रातली चार आहेत, कास त्यातलं एक. आम्हाला केवढा आनंद झालेला. मग गर्दी वाढली, गर्दीपासून फुलं वाचवायला पठाराला जाळीचं कुंपण घातलं, गुरं आत यायची बंद झाली. हेतू चांगलाच होता, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण काही वर्षांत आसपासच्या गावांतली माणसं सांगायला लागली की गुरं चरत नाहीत त्यामुळं गवत माजलंय आणि त्याच्यात बारकी फुलं दबतायत, अभ्यासकांमध्ये पण यावर बरंच बोलणं झालं, आणि पुढं ते कुंपण काढण्यात आलं. कुंपण होतं म्हणून काढता आलं! लोखंडी खांब उपटले, जाळी गुंडाळली, झालं. काँक्रीट असं उचलता येत नाही, ते फोडून काढलं तरी खालची माती परत येत नाही, जांभ्यावर चार बोटं माती जमायला किती काळ लागत असेल याचा हिशोब माणसाच्या आयुष्यात बसत नाही. चांगल्या हेतूनं केलेलं काम सुद्धा सड्यावर उलटं पडू शकतं हे आपण एकदा बघितलंय, मग जे परत फिरवता येत नाही ते करायची एवढी घाई कशासाठी?

चौथं, पाणी पिण्याचं. कासचा तलाव हा बघायचा स्पॉट नंतर आहे, आधी तो साताऱ्याच्या माणसांची घागर आहे. वरच्या भागात हॉटेलं, रिसॉर्ट, टेंट वाढले की त्यांचं सांडपाणी, त्यांचा कचरा कुठल्या ना कुठल्या उतारानं ओढ्यांना लागणार, आणि ओढे पुढं तलावाला नाहीतर उरमोडी नदीला. सातारा ते कास रस्त्यावर गेल्या दहा-पंधरा वर्षांत किती बांधकामं झाली ते डोळ्यांनी दिसतं, त्यासाठी मला आकडा द्यायची गरज नाही, तुमच्याकडं आकडा असेल तर तो तुम्हीच जाहीर करा. शनिवार-रविवारी रात्री डीजेचा आवाज आणि फ्लडलाइट, हे मी स्वतः बघितलंय आणि ऐकलंय.

आमच्या जिल्ह्याला हे नवीन नाही म्हणून जास्त भीती वाटते. महाबळेश्वर-पाचगणीला २००१ मध्येच इको सेन्सिटिव्ह झोन करावं लागलं, तरी मे महिन्यात वेण्णा लेकपाशी किती वेळ गाडीत बसावं लागतं ते तुम्हाला माहिती आहे. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आल्या, वीज पाहिजेच, पण प्रत्येक पवनचक्कीपर्यंत ट्रक जाईल असे रस्ते सड्यावरून निघाले आणि ते पठार आता लहानपणी बघितलेलं राहिलं नाही. कास शिल्लक आहे. साडेआठशेच्या आसपास सपुष्प वनस्पती तिथं नोंदवल्यात असं सांगतात, त्यातल्या काही तर सह्याद्री सोडून जगात कुठंच नाहीत.

आता जे लोक सुविधा मागतात त्यांचं म्हणणं पण मला टाळायचं नाही, कारण त्यातलं काही खरं आहे. माझ्या आईचे गुडघे गेलेत. तिला कास बघायचं असतं दर वर्षी, आणि दगडधोंड्यांतून तिला चालवत नाही. व्हीलचेअरवरच्या माणसानं फुलं बघू नयेत का? बघावीत, त्याचा हक्क आहे. पण साहेब, पठाराच्या मधून डांबरी रस्ता आधीच जातो. त्या रस्त्यावरून हळू चालणाऱ्या बॅटरीच्या गाड्या सोडा, सीझनमध्ये बाकीच्या गाड्या लांब थांबवा, रस्त्याच्या कडेनंच तेरड्याचा गुलाबी आणि मिकी माउस म्हणतात त्या फुलांचा पिवळा पट्टा इतका जवळून दिसतो की उतरायची पण गरज पडत नाही. मी गेल्या वर्षी आईला अशीच रस्त्याकडेला खुर्ची टाकून बसवली होती, अर्धा तास बसली, काही बोलली नाही, फक्त "हे असं होतं, तुझ्या आजीच्या येळेला पण असंच होतं" म्हणाली. तिला डेक लागला नाही. तिला शांतता लागली, आणि ती पण हॉर्नमुळं नीट मिळाली नाही.

टॉयलेट पाहिजेत हे पण खरं आहे, बायकांची फार पंचाईत होते, पण ती सड्यावर कशाला? जिथं आधीच बांधकाम आहे तिथं, गावांपाशी, बस थांबतात तिथं चांगली बांधा, रोज साफ होतील अशी बांधा, त्यासाठी पैसे खर्च करा, आम्हीच टाळ्या वाजवू.

आणि गावांचं. कास, एकीव, आटाळी, कासाणी इथल्या माणसांनी समितीत राहून हे पठार सांभाळलंय, पावसात गमबूट घालून शिट्ट्या मारत उभी राहणारी पोरं तिथलीच आहेत. "विकास नको" असं त्यांना शहरातून सांगायचा मला अधिकार नाही, त्यांच्या पोरांना काम पाहिजे, दवाखाना पाहिजे, पावसाळ्यात गाडी पोचेल असा गावचा रस्ता पाहिजे. पण काँक्रीटचा पैसा त्यांच्याकडं येतो का? कंत्राट बाहेरचं, रिसॉर्ट बाहेरच्याचं, आणि गावच्या पोराच्या हातात शेवटी झाडू किंवा वॉचमनची काठी. घरगुती राहण्याची सोय, नाचणीची भाकरी, वाटाड्याचं काम, फुलांची ओळख करून द्यायचं शिक्षण, बैलगाडी, यात पैसा थेट घरात येतो. आणि तो तोपर्यंतच येतो जोपर्यंत फुलं येतात. फुलं गेली तर पेव्हर ब्लॉक बघायला पुण्या-मुंबईहून कोण येणार आहे, ते त्यांच्या सोसायटीत आहेतच की.

आमच्या मागण्या साध्या शब्दांत लिहिते, म्हणजे नंतर कुणी समजलं नाही म्हणायला नको.

सड्यावर नवीन काँक्रीट, पेव्हर, डांबर, डेक, गझिबो, कायमचे दिवे, काहीही नको, आणि सडा म्हणजे फक्त तिकीट लागतं तेवढा तुकडा नाही, शेजारचे सगळे सडे धरा, नाहीतर वाचवलेल्या तुकड्याच्या चारी बाजूंनी पार्किंग उभी राहील. कुमुदिनी तळ्याकडं जाणारा जुना राजमार्ग कच्चाच राहू द्या.

सीझनमध्ये खासगी गाड्या खालीच थांबवून साताऱ्यातून एसटी किंवा छोट्या बस सोडा, शनिवार-रविवार सकट. दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा ठरलेली आहे ती सुट्टीच्या दिवशी पण पाळा, आणि ओळखीनं आत सोडणं बंद करा, मग ओळख कुणाची का असेना.

वरच्या भागातल्या प्रत्येक हॉटेल-रिसॉर्टचं सांडपाणी कुठं जातं त्याची तपासणी करा आणि निकाल लोकांसमोर ठेवा. तलावाचं पाणी आम्ही पितो, हा प्रश्न विचारायचा आमचा हक्क आहे.

गुरं किती, कधी, कुठं चारायची हे गावकरी आणि वनस्पतींचे अभ्यासक यांना एकत्र बसवून ठरवा, ऑफिसात बसून नको.

जो काही आराखडा असेल तो मराठीत, नकाशासकट, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा, आणि प्रत्येक गावात ग्रामसभा घेतल्याशिवाय पुढं जाऊ नका. ग्रामसभा भातलावणीच्या दिवसांत ठेवू नका, तेव्हा माणसं शेतात असतात आणि मग "कुणी हरकत घेतली नाही" असं कागदावर येतं.

आणि शेवटची, माझ्या दृष्टीनं सगळ्यात सोपी. कुठलंही काम मंजूर करण्याआधी ज्यांची सही लागते त्यांनी त्या जागेवर चार वेळा जावं, एकदा जूनच्या शेवटी चवर नावाची वनस्पती उगवते तेव्हा, एकदा ऑगस्टमध्ये गेंदाच्या फुलांनी सडा पांढरा होतो तेव्हा, एकदा सप्टेंबरच्या गर्दीत, आणि एकदा एप्रिलमध्ये. गाडीतून काच खाली करून नको, उतरून. बरोबर गावातलं एखादं म्हातारं माणूस घ्या, त्याला विचारा इथं पाणी कुठून येतं आणि कुठं जातं. मी पण यायला तयार आहे, रजा टाकून येईन.

या पत्राचं उत्तर यंदाचा पाऊस सुरू व्हायच्या आत, असंच उघडपणे मिळावं अशी विनंती आहे.

आपली,
कासचं पाणी पिणारी एक सातारकर